धाकट्याने दिलेला चार्ज

१२ जानेवारी

आज सकाळी धाकट्याने सूनबाईला स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायला लावला आणि स्वतः हात मागे बांधून दारात उभा राहिला.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, आणि सूनबाई त्याची बायको. आमची आई तिला सूनबाई म्हणायची, तेव्हापासून सगळं घर तेच म्हणतं. आता तिचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत, पण नाव काही पिकलं नाही.

"अहो, निदान टॉर्च तरी धरा," ती ओट्याखालून ओरडली.

"टॉर्च दादाकडे आहे."

टॉर्च माझ्याकडे होती हे खरं. पण नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, त्यात समोरची खिडकी उलटी दिसत होती आणि खिडकीत उलटं आभाळ. मी ते बघत राहिलो आणि माझ्या हातातला उजेड आपला आपण भिंतीवर गेला.

"दादा, मी भिंत दुरुस्त करत नाहीये!"

पहिल्यांदा वायसर वाकडा बसला. नळ सोडल्याबरोबर चिळकांडी तिच्या तोंडावर. धाकटा जागचा हलला नाही. "काढ, परत बसव," एवढंच म्हणाला. दुसऱ्या खेपेला बसला.

ही त्याच्या खात्यातली रीत. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात त्याने सगळी नोकरी काढली. तिथे चार्ज द्यायचा म्हणजे सही करून किल्ल्या टेकवायच्या नाहीत. नव्या माणसाने यंत्र चालवायचं, जुन्याने मागे उभं राहायचं. कुणाला इजा होणार असेल तरच हात पुढे आणायचा. नाहीतर नवा माणूस, धाकटा म्हणतो, जन्मभर मागे वळून बघत राहतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की धाकट्याच्या पोटातली गाठ काढण्यात आता अर्थ नाही. दुखणं औषधाने आटोक्यात ठेवू, उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. धाकट्याने विचारलं, "डोकं ठिकाणावर राहील ना?" राहील म्हणाले. "मग वेळ आहे," म्हणून तो उठला आणि घराचा चार्ज द्यायला लागला.

मी धीराने घेतोय. मोठा आहे मी. मी खचलो तर या लोकांनी कुणाकडे बघायचं?

२० जानेवारी

पंपघरातून फोरमन घ्यायला आला होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी काही अडलं की "साहेबांना" बोलावतात. मीही गेलो सोबत. धाकट्याला सोबत हवी असते असं माझं मत, तो तसं बोलून दाखवत नाही.

पंपघर मला फार आवडतं. उंच छप्पर, वरच्या काचांतून तिरपा येणारा उजेड आणि तीन पंप म्हशींसारखे शेजारी शेजारी बसलेले. मी डोळे मिटून ऐकत होतो. दोन नंबरचा पंप चक्क वृत्तात होता! एक ऱ्हस्व, दोन दीर्घ, एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. लगागा लगागा लगागा लगागा.

"धाकट्या," मी म्हणालो, "हा भुजंगप्रयातात चालतोय!"

"ते बेअरिंग गेलंय, दादा."

फोरमन इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "साहेब, तुम्ही..." म्हणाला आणि पुढचं गिळलं.

पंप थांबवायचा होता. मला वाटायचं की बटण दाबलं की झालं. तसं नसतं. धावतं पाणी एकदम अडवलं तर ते भिंतीवर आपटल्यासारखं मागे येतं आणि माणूस आत शिरेल एवढा पाइप फोडतं. म्हणून आधी झडपेचं चाक हळूहळू आवळत न्यायचं आणि अगदी शेवटी बटण. फोरमनने चाक फिरवलं. धाकटा मागे उभा. चाक जरा जोरात फिरलं तेव्हा त्याने नुसता घसा खाकरला. तेवढ्याने चाक मंदावलं.

मी कविता करणारा असतो तर यावर काहीतरी केलं असतं. मी नुसता शिकवणारा.

२ फेब्रुवारी

मिठू आली. धाकट्याची एकुलती एक लेक. लहानपणी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही म्हणून मिठू. आता दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे, तिथे लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलते. नवरा आणि दवाखाना दोन्ही तिकडे ठेवून आलीय, मोठी सुटकेस घेऊन.

दुपारी मी जिन्यात बसलो होतो. जिन्यात उन्हाचा एक तुकडा येतो, तो मला चुकवायचा नसतो. आत बापलेक बोलत होते.

"बाबा, बाकी सगळं होईल हो. आईचं मी बघेन. पण काकांचं काय?"

"ते सगळ्यात अवघड. ते झाल्याशिवाय मी जात नाही."

"मी घेऊन जाते ना माझ्याकडे."

"जुनं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर धरत नाही, मिठू. इथेच उभं राहिलं पाहिजे. आणि तोवर तू जायचं नाहीस. कबूल?"

"कबूल."

एप्रिलमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण होतात. त्याचंच काहीतरी गुपचूप शिजतंय. एवढ्या दुखण्यात माझा वाढदिवस लक्षात ठेवला त्यांनी! झाडाचं मात्र कळलं नाही. अंगणातलं झाड चांगलं धडधाकट आहे, ते उपटायचं कुणाच्या डोक्यात आलं?

९ फेब्रुवारी

आज उगाच जुनं आठवत बसलो.

धाकटा आठ वर्षांचा असताना शाळेच्या समारंभात त्याला नदीवरची कविता म्हणायची होती. मी पडद्यामागे उभा, ओळी पुरवायला. पहिलं कडवं झालं. नदी डोंगरातून आली, रानातून आली, सागराला मिळाली. आणि हा थांबला. मी पुढची ओळ कुजबुजलो. ऐकेचना. मग सगळ्या सभेसमोर गुरुजींना म्हणाला, "पण गुरुजी, मधल्या लोकांनी प्यायला घेतलं त्याचं काय? तेवढं कमी पोचलं असेल ना?"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. "हा पोरगा पाण्याचंच काहीतरी करणार," म्हणाले.

मोठ्या पुरात त्याने ते करून दाखवलं. पंपघराला वेढा पडला होता, तो आत अडकून. सूनबाईचे दिवस भरत आलेले. शहरात गुडघाभर घाण पाणी आणि नळाला मात्र स्वच्छ. घरी आला तेव्हा मिठू जन्मून चार दिवसांची झाली होती. त्याचे हात कोपरापर्यंत काळे. पोरीला घ्यायचं म्हणून साबणाने हात घासत बसला तर निघेचना, शेवटी रॉकेलने धुतले. मिठूला बापाचा पहिला वास रॉकेलचा. "म्हणूनच पेटते लवकर," सूनबाई अजून म्हणते.

माझं लग्न राहूनच गेलं, एखादं कडवं पाठ करायचं राहून जावं तसं. आई गेल्यावर मी इथे वरच्या खोलीत राहायला आलो. धाकटा सारखा बाहेर, बायको-पोर एकटी, घरात वडीलधारं कुणी हवं म्हणून. त्याने खिडकीशी माझ्या पुस्तकांसाठी फळ्या ठोकून दिल्या. माझ्या खोलीतला दिवा आजवर कधी गेला नाही. जाण्याआधीच तो बदलतो.

२४ फेब्रुवारी

धाकटा सकाळीच वर आला, धापा टाकत. माझ्या पलंगावर बसला.

"दादा, तुझी मदत लागणार आहे."

"माग की."

"मी नसेन तेव्हा या दोघी घाबरतील. सूनबाई वरून खंबीर दिसते, पण तशी नाही. घरात एक माणूस पाहिजे ज्याला सगळं येतं. चहा, भात, मोटर, कपडे. स्वतःचं स्वतः. कुणाला हाक मारायची गरज नाही असा."

"म्हणजे मी?"

"दुसरं आहे कोण?"

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्याने प्रथमच माझ्याकडे काही मागितलं.

लगेच खाली जाऊन दूध तापवायचं होतं. पातेलं ठेवलं, शेगडी पेटवली. तिसऱ्या काडीला पेटली. मग दुधाची वाफ खिडकीतल्या उन्हात शिरली, तिचे असे काही आकार व्हायला लागले की विचारू नये. दूध उतू गेलं. शेगडी विझली, ओटा पांढरा, जमीन पांढरी. धाकटा दारात हात मागे बांधून उभा. त्याच्या बोटांची पेरं एकमेकांत रुतून पांढरी पडली होती. फार दुखत असावं त्याला.

"आधी बटण बंद," तो म्हणाला. "मग फडकं. मग परत दूध."

"परत?"

"दूध आहे अजून."

चौथ्या पातेल्याला जमलं. सूनबाई म्हणाली, "आता आठवडाभर मांजरं आपल्याकडे मुक्कामाला." आणि पदराने डोळे टिपले. हसली असावी.

११ मार्च

आज मी भांडलो. लपवत नाही.

सकाळपासून नुसतं हे कर, ते कर. भांडी, चादरी, माझ्या औषधाच्या गोळ्या सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या. शर्टाला बटण लावताना सुई तीनदा टोचली. मी सुई टाकून दिली. "मी जन्मभर पोरांना कविता शिकवल्या! तू मला गडी समजतोस काय? चार दिवस राहिलेत तर बस माझ्याजवळ, जुन्या गोष्टी बोल. हे काय चालवलंयस?"

तो वळला आणि जिना उतरायला लागला. चार पायऱ्या उतरून खाली बसला. बराच वेळ बसून राहिला.

"दादा," खालूनच म्हणाला, "उठव मला."

मी काखेत हात घालून उठवलं. हा माणूस लोखंडाचे पाइप उचलायचा. माझ्या हाताला काही लागलंच नाही, धुतलेल्या शर्टाएवढा होता तो. आम्ही दोघं तसेच उभे होतो, माझा हात त्याच्या पाठीवर.

"मलाही बसायचंय रे तुझ्याजवळ," तो म्हणाला. "बटण लाव, मग बसू."

लावलं. जरा तिरकं आहे. मग संध्याकाळपर्यंत बसलो.

३ एप्रिल

पोटातलं पाणी काढायला धाकट्याला दोन दिवस इस्पितळात ठेवणार. सूनबाई आणि मिठू दोघीही तिकडेच राहणार म्हणाल्या. एकीने तरी घरी राहावं असं मी सुचवलं. मिठू बापाकडे बघायला लागली.

"नको," धाकटा म्हणाला. "घर दादा बघेल."

गाडीत बसल्यावर मिठूने काच खाली केली. "काका, काही लागलं तर शेजारी..."

"मिठू," धाकटा म्हणाला. तिने काच वर केली.

४ एप्रिल

घर एवढं मोठं आहे हे माहीत नव्हतं. घड्याळ फार बोलतं.

काल रात्री बटाटे उकडून खाल्ले. आज भात. खालून लागला, वरचा चांगला होता. वरचा खाल्ला.

दुपारी मोटर लावली, हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवायला. आवाज सुरू झाला तसा मी खुर्ची घेऊन शेजारीच बसलो. संथ, अक्षरगणवृत्ताला शोभेल असा. तंद्री लागली. आणि एकाएकी यती चुकली. एक मात्रा कमी. मग दोन. मग नुसती कोरडी घरघर. पोराने ओळ चुकवली की माझा हात डस्टरकडे जायचा, तसाच बटणाकडे गेला. बंद केली. झाकण उघडून बघितलं तर हौद तळाला गेलेला. बाहेरच्या नळाला पाणीच आलं नव्हतं. मोटर आणखी चालली असती तर जळाली असती, एवढं आता मला कळतं.

एक गोष्ट मनाला लागली. दोन दिवसांत एकाचाही फोन नाही. विसरलेच मला. असो, तिथे त्यांना कमी का व्याप आहे?

५ एप्रिल

आले परत. धाकटा काठी टेकत आधी स्वयंपाकघरात गेला. ओट्यावरून बोट फिरवलं. शेगडीचं बटण बघितलं. दोरीवरच्या टॉवेलाकडे बघितलं. मोटरचं मी सांगितलं, वृत्तासकट. त्याने ते दोनदा सांगायला लावलं.

मग जेवायला मागितलं. गेल्या कित्येक दिवसांत त्याने स्वतःहून जेवायला मागितलं नव्हतं. मी सकाळचे बटाटे वाढले.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

"झालंय," म्हणाला आणि सगळे खाल्ले. मग ताटली सरकवून मिठूला म्हणाला, "झालं बघ."

मिठू टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. दोन रात्री खुर्चीत काढलेल्या, थकली बिचारी. मी तिला गरम दूध करून दिलं. नंतर तीच बोलता बोलता म्हणाली की दोन्ही दिवस बाबा फोन हातात धरून होते. स्वतः केला नाही आणि यांनाही करू दिला नाही. आता याला काय म्हणावं! करायचा नव्हता तर धरला कशाला?

२१ एप्रिल

पंचाहत्तर पूर्ण. सकाळी मिठूने गळ्यात हात टाकले, सूनबाईने नवा शर्ट दिला. बाकी गुपित वगैरे काही निघालं नाही. दुखण्यात राहून गेलं असेल. धाकट्याने जवळ बोलावून माझा हात नुसता धरून ठेवला. मला तेवढं पुष्कळ झालं.

१९ मे

आता तो उठत नाही. खिडकी उघडी ठेवायला सांगतो. फोरमन येऊन गेला. दोन नंबरचं बेअरिंग बदललं म्हणाला, आता आवाज नाही. "तुमच्या दादांना चुकल्यासारखं होईल," धाकटा म्हणाला.

चेहरा शांत आहे त्याचा. कामावरून घरी आल्यावर बूट काढताना असायचा तसा.

"काही राहिलंय का रे?" मी विचारलं.

"नाही. आता नुसतं बसायचंय."

बसलो. तो मध्येच विचारायचा, "मग त्या गुरुजींचं पुढे काय झालं?" मी सांगायचो. त्याला सगळं माहीत होतं.

२ जून

आज सकाळी धाकटा गेला.

मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. त्याच्या खोलीतून मिठूचा आवाज आला, "काका, इकडे या." आवाजावरून कळलं. मी शेगडी बंद केली, पातेल्यावर झाकण ठेवलं, मग गेलो.

सूनबाई त्याच्या उशाशी होती. त्याचा हात तिच्या हातात. खिडकीतून वारा येत होता आणि पांघरुणाची कड हलत होती. मला दोनदा वाटलं की तोच हलला.

संध्याकाळी निरोप देऊन आलो. फोरमनबरोबर पंपघरातल्या सगळ्या पाळ्यांची माणसं आली होती, सुट्टीवरचे सुद्धा.

रात्री मी मिठूला म्हणालो, "आधी शेगडी बंद करत बसलो मी. तेवढ्यात..."

"काका," ती म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, बरोबर केलंत."

तसं तो म्हणाला असता खरा.

१५ जून

लिहावंसं वाटत नाही. कविताही लागत नाहीत. पुस्तक उघडतो, शब्द कागदावरच राहतात.

सकाळी उठतो, दूध तापवतो, गोळ्या घेतो, मोटर लावतो. हे न करता नुसतं पडून राहावं असं रोज वाटतं. पण घरात दोघी आहेत. मी पडून कसा राहू?

६ जुलै

मिठूने आज विषय काढला. जायचं म्हणते. दवाखाना किती दिवस दुसऱ्याच्या जिवावर ठेवणार, नवराही तिकडे पाव-अंड्यावर आहे. पण बोलताना सारखी माझ्याकडे बघत होती. मला तिची अडचण लगेच कळली. माझ्याशिवाय तिकडे तिला सुचणार नाही.

"तू जा, बाळा," मी म्हणालो. "घाबरू नकोस. काही अडलं तर मला फोन कर, मी सांगेन कसं करायचं ते. इकडे सूनबाईची काळजी करू नकोस. मी आहे."

ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. लहानपणीही तशीच करायची.

"नक्की ना, काका?"

"अगं, तुझ्या बापाने माझ्यावर टाकलंय सगळं. मला बोलावून सांगितलं, सूनबाई वरून खंबीर दिसते, पण तशी नाही. तिला सांभाळ."

सूनबाई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

"तुम्हाला असं सांगितलं?"

"म्हणजे काय!"

"मला तर म्हणाले, दादाला सांभाळ. तो माझ्यामागे उभा राहायचा नाही."

"आणि मला," मिठू म्हणाली, "तुम्हा दोघांना."

मग सूनबाईने शेंगांची ताटली बाजूला ठेवली.

"बघा कसा माणूस! एकालासुद्धा मोकळं सोडलं नाही," ती म्हणाली आणि हसायला लागली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिठूही. मग मीही.

९ जुलै

मिठू सकाळी गेली. गाडीत बसताना काही सूचना केली नाही, नुसता हात हलवला.

घर शांत आहे. सूनबाई दारात उभी राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. त्या दिवशीचं तिचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. धाकटा शेवटी शेवटी औषधांच्या गुंगीत असायचा, त्यात तिला तसं काही म्हणाला असेल. नाहीतर मला सांभाळायचं काय कारण? पण तिचा समज मी मोडणार नाही. आपल्यावर कुणाची तरी जबाबदारी आहे असं वाटलं की माणूस सकाळी उठतो.

"दादा, चहा मी ठेवू?" तिने आत येत विचारलं.

"बस तू," मी म्हणालो. "ठेवलाय."